गोळ्यांच्या पैशांवर उभा राहिलेला राजवाडा

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी पाऊण तासाच्या आत एगम नावाच्या छोट्या स्टेशनात थांबते. गाव तसं साधंच. एक मुख्य रस्ता, चार दुकानं, चहाची दोन-तीन ठिकाणं. जवळच थेम्सच्या काठी रनीमीड आहे. तिथल्या कुरणात १२१५ साली इंग्लंडच्या राजाला मॅग्ना कार्टाची सनद मान्य करावी लागली, म्हणून बरेचसे प्रवासी स्टेशनातून बाहेर पडले की तिकडे वळतात. पण उलट्या दिशेनं टेकडीची चढण धरली, तर वीसेक मिनिटांत झाडांच्या शेंड्यांवरून मनोरे डोकावू लागतात. लाल विटांचे, पांढऱ्या दगडाच्या नक्षीचे, एकाला लागून दुसरा, शेजारी धुराड्यांची गर्दी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा कुणा राजाचा महाल असावा. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात शांबोर नावाचा प्रसिद्ध महाल आहे. तो डोळ्यांसमोर ठेवूनच वास्तुशास्त्रज्ञ विल्यम हेन्री क्रॉसलंड यानं ही इमारत रचली.

पण इथं राजा कधीच राहिला नाही. हे आहे रॉयल हॉलोवे कॉलेज. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी बांधलेलं. आणि ते उभं राहिलं पोट साफ करणाऱ्या गोळ्या आणि अंगाला चोळायच्या मलमाच्या नफ्यावर.

आतल्या दोन प्रशस्त चौकांपैकी एकात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आहे. दुसऱ्या चौकात एका नवरा-बायकोचा. तो थॉमस हॉलोवे आणि त्याची पत्नी जेन यांचा. पुतळ्याखाली उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की हे गृहस्थ स्वतःच्या नावामागे 'प्रोफेसर' लावत असत आणि ते प्रोफेसरही नव्हते, डॉक्टरही नव्हते.

आईचं पातेलं आणि बंदरावरच्या फेऱ्या

थॉमस हॉलोवेचा जन्म १८०० सालचा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनपोर्ट इथला. बाप आधी बेकरी चालवी, नंतर पेन्झन्स गावी खानावळवजा पथिकाश्रम. थॉमस काही वर्षं फ्रान्समध्ये राहून आला आणि लंडनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांचा दलाल म्हणून धडपडू लागला. तिथं त्याची गाठ पडली फेलिक्स अल्बिनोलो या इटालियन माणसाशी. हा जळवा विकायचा, शिवाय त्याच्याकडे एक मलम होतं. हॉलोवेनं त्याची लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातल्या डॉक्टरांशी ओळख करून दिली. मलम फारसं चाललं नाही. मात्र थोड्याच काळात, १८३७ च्या ऑक्टोबरात, वर्तमानपत्रात जाहिरात झळकली ती 'हॉलोवेच्या मलमा'ची! अल्बिनोलोनं बराच आरडाओरडा केला, जाहिराती देऊन लोकांना सावध केलं. उपयोग झाला नाही. पुढे कर्ज फेडता न आल्यानं तो तुरुंगात गेला आणि इतिहासातून नाहीसा झाला. कॉलेजच्या आवारात त्याचा पुतळा नाही, हे सांगायला नकोच.

हॉलोवेचं पहिलं मलम शिजलं ते त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यात. पुढे भांडी मोठी होत गेली. मलमाच्या जोडीला गोळ्या आल्या. तो रोज उठून लंडनच्या गोदीत जायचा आणि सुटणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना, प्रवाशांना आपला माल गळ्यात मारायचा. जहाज जिथं जाईल तिथं मलमाची डबी जाई. जाहिरातीच्या कर्जापायी त्यालाही एकदा तुरुंगाची हवा खावी लागली. १८४० मध्ये जेनशी लग्न झालं आणि मग दोघांनी मिळून दुकान सांभाळलं. पहाटे चारला सुरू झालेलं काम रात्री दहाला संपे, असं त्यानंच नंतर सांगून ठेवलं आहे.

त्याच १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीचं टपाल सुरू झालं, आणि औषध विकणाऱ्यांचं नशीबच उघडलं. पत्रासोबत तिकिटं किंवा पैसे पाठवायचे, औषधाचं पुडकं दारात. दुकानात जाऊन दहा लोकांसमोर आजार सांगायची लाज नाही, डॉक्टरची फी नाही. बायकांना तर हे फारच सोयीचं. डॉक्टर झाडून सारे पुरुष, आणि काही दुखणी अशी की ती नवऱ्यालाही सांगता येऊ नयेत. 'स्त्रियांच्या तक्रारी' एवढे दोन शब्द जाहिरातीत असले की पुरे. समजायचं ते समजून घेत आणि पत्र टाकत.

हॉलोवेची खरी अक्कल जाहिरातीत होती. १८४२ साली तो वर्षाला पाच हजार पौंड जाहिरातीवर घाली. १८८३ मध्ये हा आकडा पन्नास हजारांवर गेला होता. औषध कसं घ्यायचं याची पत्रकं त्यानं चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या भाषांतही छापली. मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या रकान्यांतून या गोळ्या साहेबलोकांबरोबर इथल्या वाचकांनाही खुणावू लागल्या. ऑस्ट्रेलियात सुट्या नाण्यांची टंचाई होती, तर त्यानं १८५७ आणि १८५८ साली आपला मुखवटा असलेली तांब्याची पेनी नि अर्धी पेनी पाडून घेतली. एका बाजूला 'प्रोफेसर हॉलोवे', दुसऱ्या बाजूला ग्रीकांची आरोग्यदेवता हायजिआ. माणसं ती नाणी खिशात घेऊन हिंडत, बाजार करत. इतकी स्वस्त जाहिरात आजच्या जमान्यातही कुणाला सुचणं कठीण!

डबीत होतं तरी काय?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जुन्या वस्त्यांची खोदकामं होतात तेव्हा हॉलोवेच्या मलमाचे चिनी मातीचे पांढरे डबे अजूनही सापडतात. अंगावर निळ्या-काळ्या छपाईत देवीचं चित्र आणि रोगांची यादी. गाऊट, संधिवात, जुनाट व्रण, दुखरं डोकं, पायाच्या जखमा आणि दुखरे स्तन.

ही यादी नीट वाचण्यासारखी आहे. डबीत मुख्यतः होतं मेण आणि स्निग्ध पदार्थ. फाटलेल्या टाचांना बरं वाटेल असं. गोळ्यांत होता कोरफडीचा रस आटवून केलेला काळा बोळ आणि काही मसाल्याची द्रव्यं. काळा बोळ आपल्याकडच्या आज्यांनाही ठाऊक होता. त्यानं कोठा साफ होतो, यात शंकाच नाही. बद्धकोष्ठानं गांजलेल्या माणसाला गोळी लागू पडे आणि तो शेजाऱ्याला शिफारस करी. प्रश्न त्या शेजाऱ्याचा होता. ज्या बाईच्या स्तनात गाठ आली होती आणि जी डबीवरचा मजकूर वाचून सहा-सहा महिने मेण चोळत बसली, तिचं काय झालं असेल? तिचं आभाराचं पत्र जाहिरातीत छापून आलं नसणार.

निष्पक्षपणे हेही म्हटलं पाहिजे की त्या काळच्या पदवीधर डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. ते जळवा लावत, रक्त काढत, पाऱ्याची औषधं देत. त्यापुढे हॉलोवेचं मलम निदान निरुपद्रवी होतं. त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांबद्दल असं म्हणता येत नाही. रडणाऱ्या तान्ह्यांसाठी 'गॉडफ्रेज कॉर्डियल' म्हणून एक गोड सरबत घरोघर मिळे. त्यात अफू असे. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया, किंवा मुलं सांभाळणाऱ्या बाया, बाळाला चमचाभर पाजत. बाळ शांत झोपे. काही बाळं उठलीच नाहीत. १८६८ मध्ये विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा आला, पण 'पेटंट' औषधांना त्यातून सूट मिळाली.

पेटंट हा शब्दही फसवाच. खरं पेटंट घ्यायचं तर औषधात काय आहे ते उघड करावं लागतं, आणि या मंडळींना तर तेच नको होतं. त्यांच्या डबीवर असे ती सरकारी कराची चिठ्ठी. १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक कर होता. शिलिंगभर किमतीच्या डबीवर दीड पेनी कर, म्हणून ती एक शिलिंग दीड पेनीला मिळे. साध्या शेतमजुराच्या दृष्टीनं ती मोठीच रक्कम. सरकारचं तिकीट चिकटवलेलं पाहून गरीब माणसाला वाटे, सरकारनंच औषधाची हमी घेतली आहे. सरकारनं काही त्याचा गैरसमज दूर केला नाही. तिजोरीत पैसा येत होता ना!

एक गिनीची गोळी

उत्तरेला लिव्हरपूलच्या जवळ सेंट हेलन्स नावाचं काचकारखान्यांचं गाव आहे. तिथं रस्त्यालगत लाल विटांचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा एक कारखाना दिसतो. तो १८८७ सालचा, थॉमस बीचम याच्या गोळ्यांचा. बीचम लहानपणी मेंढ्या राखायचा, झाडपाला ओळखायचा, मग बाजारात गोळ्या विकू लागला. 'एका डबीची किंमत एक गिनी' हे त्याचं घोषवाक्य जगभर गेलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि डबी मिळायची शिलिंगाला. गिऱ्हाईक खूश.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून पुस्तकच छापलं. बीचमच्या गोळ्यांत सापडला काळा बोळ, सुंठ आणि साबण! छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या द्रव्यांची किंमत भरली अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. शंभरपटीहून जास्त किमतीला ती विकली जात होती. खळबळ उडाली. पार्लमेंटनं समिती नेमली. समितीनं दोन वर्षं साक्षी घेतल्या आणि जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला तो दिवस होता ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. अहवाल वाचायला कुणाला वेळ होता? तो मुद्रांक कर रद्द व्हायला पुढे १९४१ साल उजाडावं लागलं आणि बीचमच्या गोळ्या तर १९९८ पर्यंत निघत राहिल्या.

या मंडळींपैकी सगळीच काळाच्या पडद्याआड गेली, असंही नाही. न्यूकॅसलच्या ईनो नावाच्या औषधविक्रेत्यानं खलाशांत लोकप्रिय केलेलं 'फ्रूट सॉल्ट' आज मराठी-गुजराती स्वयंपाकघरांत ढोकळा फुगवण्याच्या कामी येतं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वूडवर्डनं १८५१ मध्ये बनवलेलं ग्राइप वॉटर आपल्याकडे कित्येक पिढ्यांच्या बाळांनी चाटलं आहे. मूळच्या त्या पाण्यात सोडा, शेपेचं तेल आणि साखरेबरोबर थोडा मद्यार्कही होता, हे आजीला कुणी सांगितलं नसेल.

टपालानं औषध विकण्याची कलाही आपल्याकडे लवकरच पोचली. १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्यानं व्ही.पी.ची सोय केली. पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे, पुडकं घ्यायचं. मग वर्तमानपत्रांत, पंचांगांत, मासिकांच्या मागच्या पानांवर शक्तिवर्धक, रक्तशुद्धी करणारी, संततिदायक औषधं ओळीनं उभी राहिली. त्यात चांगलंही काही निघालं. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच जन्मलं. पण भोंदूपणा इतका माजला की १९५४ मध्ये 'औषधे आणि जादूटोणायुक्त उपाय' यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही रेल्वेरुळांकाठच्या भिंती रंगलेल्या दिसतात, ही गोष्ट निराळी.

पैसा आहे, मूल नाही

पुन्हा एगमला. सत्तरीला आलेल्या हॉलोवेकडे अफाट पैसा होता आणि मूलबाळ नव्हतं. अडीच लाख पौंड कसे खर्चावेत, असा प्रश्न त्यानं १८७१ मध्ये एका बांधकामविषयक पत्रातून जाहीरपणेच लोकांपुढे ठेवला. आधी जवळच्या व्हर्जिनिया वॉटर इथं मध्यमवर्गातल्या मनोरुग्णांसाठी त्यानं भव्य रुग्णालय बांधायला घेतलं. मुलींचं कॉलेज ही कल्पना जेनची असं सांगतात. १८७५ मध्ये जेन गेली आणि कॉलेज तिचं स्मारक ठरलं. १८७९ मध्ये पहिली वीट बसली. ३० जून १८८६ रोजी खुद्द व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली. हॉलोवे मात्र १८८३ च्या नाताळानंतर दुसऱ्याच दिवशी वारला होता. तो आणि जेन जवळच सनिंगहिलच्या चर्चमध्ये चिरविश्रांती घेत आहेत. त्यांचं टिटनहर्स्ट पार्क हे घर पुढे बीटल्सच्या जॉन लेननानं घेतलं. माणसांपेक्षा घरांची नशिबं कधी कधी जास्त गमतीदार असतात.

अडीचशे मुलींसाठी बांधलेल्या या महालात १८८७ च्या शरदात पहिल्या विद्यार्थिनी आल्या त्या फक्त अठ्ठावीस. प्रत्येकीला दोन खोल्या. एक झोपायची, एक अभ्यासाची. घरात स्वतःचं टेबलसुद्धा नसलेल्या त्या काळच्या मुलींना दार लावून घेऊन वाचत बसता येणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या वाचक भगिनींना सहज येईल. इथल्याच एका मुलीचं नाव एमिली डेव्हिसन. १८९२ मध्ये ती शिष्यवृत्तीवर आली. वर्षभरात वडील वारले, सत्राची वीस पौंड फी भरणं जमेना, कॉलेज सोडावं लागलं. पुढे तिनं स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात उडी घेतली आणि १९१३ मध्ये एप्समच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर जाऊन जीव गमावला. आज कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाला तिचं नाव आहे. फी भरता न आल्यामुळे जिला जावं लागलं, तिच्या नावाच्या दारातून आता रोज शेकडो मुलंमुली आत जातात. मुलगे इथं पदवी शिक्षणासाठी १९६५ पासून आले.

चित्रशाळेतली गर्दी

एगमला जाणाऱ्यानं चित्रदालन चुकवू नये. मात्र ते रोज खुलं नसतं, तेव्हा आधी चौकशी करून जावं. शेवटच्या दोन-अडीच वर्षांत म्हाताऱ्या हॉलोवेनं लिलावांतून सत्त्याहत्तर चित्रं घेतली. किमतीकडे पाहिलं नाही. विल्यम फ्रिथचं रेल्वे स्टेशनचं प्रचंड चित्र आहे. पॅडिंग्टनच्या फलाटावरची निरोपाची धांदल, सामान, रडणारी आई, पकडला गेलेला गुन्हेगार. त्याच्यापुढे तास सहज जातो. एडविन लाँगचं 'बॅबिलोनमधला लग्नाचा बाजार' सहा हजार तीनशे गिनींना घेतलं. हयात इंग्रज चित्रकाराच्या चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. चित्रात उपवर मुली ओळीनं बसल्या आहेत आणि पुरुष बोली लावताहेत. मुलींच्या कॉलेजातल्या भिंतीवर हे चित्र! हॉलोवेला त्यातला उपरोध कळला होता की नुसतंच चित्र आवडलं होतं, कोण जाणे.

एक चित्र मात्र पाय खिळवून ठेवतं. ल्यूक फाइल्ड्सचं, १८७४ सालचं. थंडीची रात्र, पोलीस ठाण्याची भिंत, आणि धर्मशाळेत एक रात्र काढण्याच्या परवानगीसाठी रांगेत उभी असलेली माणसं. मुलाला छातीशी धरलेली बाई, खोकणारा, लंगडणारा, दारू प्यालेला. शिलिंग-दीड पेनी गाठीला बांधून गोळ्यांची डबी घेणारं गिऱ्हाईक ते हेच. या सोनेरी चौकटीचे, या झुंबरांचे, बाहेरच्या त्या मनोऱ्यांचे पैसे त्यांनीच दिले होते.

कॉलेजलाही पैशाची चणचण भासलीच. १९९३ मध्ये हॉलोवेनं घेतलेलं टर्नरचं एक समुद्रचित्र अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाला एक कोटी दहा लाख पौंडांना विकलं. बरीच टीका झाली. व्हर्जिनिया वॉटरचं मनोरुग्णालय १९८० मध्ये बंद पडलं आणि तिथं आता श्रीमंतांची बंदिस्त वसाहत आहे. तिथल्या नक्षीदार सभागृहात जायचं तर ओळख हवी. एगमचं दार त्या मानानं मोकळं आहे.

दालनात आणखी एक चित्र आहे, लँडसियरचं. उत्तर ध्रुवाच्या बर्फात हरवलेल्या जहाजाचे अवशेष आणि त्यावर तुटून पडलेली दोन पांढरी अस्वलं. या दालनात परीक्षा होतात. त्या चित्रासमोर जो बसेल तो नापास होतो किंवा वेडा होतो, असा विद्यार्थ्यांत समज आहे. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी कर्मचारी शिडी आणतात आणि चित्रावर ब्रिटनचा मोठा झेंडा टाकून ते झाकतात. पेपर संपले की झेंडा उतरवून, घडी घालून ठेवतात, पुढच्या परीक्षेसाठी.